कागद नसलेली तालीम : केपटाऊनच्या इतिहासातून

विद्यापीठांच्या परिपत्रकांत सध्या दोन शब्द वारंवार दिसतात. एक ‘पूर्वज्ञानाची मान्यता’ आणि दुसरा ‘मायक्रो-क्रेडेन्शियल’. पहिल्याचा अर्थ असा, की वर्गाबाहेर, कामाच्या जागी, उस्तादाच्या हाताखाली माणूस जे शिकला ते तपासून त्याला प्रवेश किंवा श्रेयांक द्यायचे. दुसऱ्याचा अर्थ, एखादे छोटे कौशल्य थोड्या काळात शिकवून त्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र द्यायचे. दोन्ही गोष्टी नव्या वाटतात. पण त्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न जुना आहे : कोणाचे ज्ञान मोजायचे आणि कोणाचे नाही, हे ठरवायचे कोणी?

या प्रश्नाचा इतिहास पाहायचा तर दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनइतके बोलके शहर क्वचितच सापडेल. आपल्या कोकणाशीही त्याचे नाते आहे.

डच ईस्ट इंडिया कंपनीने 1780 मध्ये टिडोर बेटावरच्या इमाम अब्दुल्ला यांना कैदी म्हणून केपला आणले. लोक त्यांना तुआन गुरू म्हणत. रॉबेन बेटावरच्या कैदेत त्यांनी स्मरणातून कुरआन लिहून काढला. सुटकेनंतर 1793 मध्ये डॉर्प स्ट्रीटवर मदरसा काढला. तिथे गुलाम आणि मुक्त झालेल्या गुलामांची मुले शिकू लागली. हेच लोक शहरातले शिंपी, गवंडी, सुतार होते. पुढे याच समाजाने आफ्रिकान्स भाषा अरबी लिपीत लिहिली. अबू बक्र एफेंदी यांचे ‘बयानुद्दीन’ हे त्या लिपीतले पुस्तक 1877 मध्ये इस्तंबूलला छापले गेले. आफ्रिकान्सला राजभाषेचा दर्जा 1925 मध्ये मिळाला, पण तिचा इतिहास बराच काळ गोऱ्यांच्या रोमन लिपीतल्या लेखनापासूनच सांगितला गेला. मदरशात लिहायला-वाचायला शिकलेला गवंडी त्या हिशेबात कुठेच नव्हता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रत्नागिरी आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले कोकणी मुसलमान केपटाऊनला जाऊ लागले. 1902 मध्ये केप वसाहतीने कायदा केला : आत यायचे तर युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. मराठी, उर्दू, अरबी वाचणारा माणूस बंदरावर उतरताच निरक्षर ठरू लागला. या कायद्याचा फटका पूर्व युरोपातल्या ज्यूंनाही बसला, कारण त्यांची यिडिश भाषा हिब्रू लिपीत लिहिली जाते. त्यांच्या पुढाऱ्यांनी पाठपुरावा केला आणि 1906 च्या कायद्यात यिडिशला युरोपीय भाषा मानले गेले. चार वर्षांत यिडिश बदलली नव्हती. बदलला तो मोजणाऱ्याचा निर्णय, आणि तोही मागणी संघटित झाली म्हणून. आपल्या भाषांना ती सवलत मिळाली नाही.

पुढच्या काळात हीच पद्धत कारखान्यांत आणि खाणींत पक्की झाली. 1922 च्या कायद्याने शिकाऊ उमेदवारीसाठी किमान शालेय शिक्षणाची अट घातली. काळ्या मुलांना तेवढी शाळाच उपलब्ध नव्हती, त्यामुळे कायद्यात वंशाचा उल्लेख न करताही त्यांना दार बंद झाले. खाणीत सुरुंगाचे काम जाणणारे काळे मजूर होते, पण सुरुंग उडवण्याचा परवाना 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांना मिळत नव्हता. हुनर एकाचे, सनद दुसऱ्याची आणि पगार सनदेप्रमाणे, असा हा हिशेब होता.

याच काळात रॉबेन बेट पुन्हा शिक्षणाचे ठिकाण झाले. 1964 नंतर नेल्सन मंडेला, अहमद कथराडा आणि त्यांचे सहकारी तिथे कैदेत होते. कथराडांचे घराणे मूळचे सुरतेजवळच्या लाजपूरचे. त्यांनी तुरुंगातून युनिसा या पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या विद्यापीठाच्या पदव्या मिळवल्या. पण ज्यांना वाचताही येत नव्हते, असे कितीतरी कैदी दगडाच्या खाणीत काम करता करता सोबत्यांकडून शिकले. त्या शिकण्याचा कागद कोणाकडेच नव्हता.

म्हणून वर्णभेद संपत आला तेव्हा कामगार संघटनांनी, विशेषतः धातुकामगारांच्या ‘नुम्सा’ने, पूर्वज्ञानाच्या मान्यतेची मागणी लावून धरली. त्यांच्या दृष्टीने तो अन्यायाच्या परिमार्जनाचा भाग होता. 1995 मध्ये राष्ट्रीय पात्रता प्राधिकरणाचा कायदा झाला आणि मागणीला सरकारी चौकट मिळाली.

वर्णभेदी सरकारने ज्याला ‘कलर्ड’ म्हटले त्या समाजासाठी काढलेल्या वेस्टर्न केप विद्यापीठाने ही कल्पना प्रत्यक्षात आणली. शालान्त परीक्षा पास नसलेल्या प्रौढ माणसाने आपल्या कामाचा, आयुष्याचा आणि शिकण्याचा लेखी आलेख तयार करायचा, पुरावे जोडायचे. त्यासाठी सल्लागार मदत करतात, कार्यशाळा होतात. मग प्राध्यापक पाहतात, की हा माणूस पदवीचा अभ्यास पेलू शकेल का. हे काम सोपे नाही. ‘मी वीस वर्षे युनियनचे काम केले’ एवढे पुरत नाही. त्यातून काय समजले, कसे समजले, हे मांडावे लागते. हाताला जे येते ते शब्दांत सांगणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि ते शिकवणे हा अशा विभागाच्या प्रमुखाच्या कामाचा गाभा आहे.

पण मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. एकेका माणसाची तपासणी वेळखाऊ आणि महाग असते. दर्जा घसरेल अशी भीती प्राध्यापकांना वाटते. 2016 च्या राष्ट्रीय धोरणाने तर कोणत्याही अभ्यासक्रमात या मार्गाने येणारे विद्यार्थी दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत, असे ठरवले. ज्या देशात बहुसंख्यांना शाळा नाकारली गेली, तिथे ही मर्यादा लहानच म्हणायची.

आता आपल्याकडे पाहू. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालाने सांगितले, की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका असलेले सुमारे सात टक्के आहेत, मुसलमानांत ते चार टक्क्यांहून कमी. दुसरीकडे मालेगाव-भिवंडीचे यंत्रमाग ज्यांच्या हातांवर चालतात, त्यांत हाच समाज मोठ्या संख्येने आहे. नुसत्या आवाजावरून मागाचा बिघाड ओळखणारा जॉबर अर्जातल्या ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यात ‘सातवी’ लिहितो आणि तिथेच त्याची किंमत ठरते. मदरशाच्या सनदांना स्पर्धा परीक्षांसाठी मान्यता असावी, असेही सच्चर समितीने सुचवले होते. अलीगढ विद्यापीठाने 2013 मध्ये मदरशातल्या विद्यार्थ्यांसाठी ब्रिज कोर्स सुरू केला. ते त्या दिशेचे एक पाऊल होते.

महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने 1989 पासून शाळा सुटलेल्यांसाठी वाट काढली. मात्र मुक्त मार्गाने मिळालेला कागद सगळीकडे चालतोच असे नाही. 2009 मध्ये अण्णामलाई विद्यापीठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, आधीची पदवी न घेता मुक्त पद्धतीने मिळवलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरली नाही. 2023 च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने तीस तासांच्या अध्ययनाला एक श्रेयांक असा हिशेब घातला आणि कामाच्या अनुभवालाही वजन दिले. कागदावर हा मोठा बदल आहे.

तो जमिनीवर उतरेल का, हे काही साध्या प्रश्नांवर ठरेल. छोट्या कोर्सचे श्रेयांक पुढे पदवीत जमा होतात, की ते प्रमाणपत्र फाइलमध्येच पडून राहते? तपासणी मराठीत, उर्दूत देता येते का? तपासणाऱ्यांत माग चालवलेला, शिलाई केलेला कोणी असतो का? फी किती? नाकारले तर दाद कुठे मागायची? प्रमाणपत्रामुळे मजुरी वाढते का? या प्रश्नांची उत्तरे नसतील तर मायक्रो-क्रेडेन्शियल ही गरिबांसाठीची छोटी पदवी ठरेल आणि मोठी पदवी पूर्वीच्याच लोकांकडे राहील.

आपल्या परंपरेत ‘इजाजा’ देणारा उस्ताद एकेका किताबासाठी सनद द्यायचा आणि तिच्याखाली स्वतःचे नाव लिहायचे धाडस करायचा. विद्यापीठाकडून अपेक्षा तेवढीच आहे. आणि समाजाकडूनही एक अपेक्षा आहे. केपटाऊनच्या बंदरावर यिडिशला मान्यता मिळाली ती मागितल्यामुळे. धातुकामगारांनी मागणी लावून धरली तेव्हा कायदा हलला. आपल्या शहरातल्या कॉलेजात, विद्यापीठाच्या उपकेंद्रात, अंजुमनच्या बैठकीत हे प्रश्न आपण विचारायला हवेत. जॉबरचे हुनर त्याच्याबरोबर संपण्याआधी ते मोजले गेले पाहिजे, आणि ते मोजताना त्यालाही बोलावले गेले पाहिजे.