मुलचेऱ्यातील लेखणीची जोडकमाई

आलापल्ली आणि घोट यांच्या मधल्या अरण्यात वसलेल्या मुलचेऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून एखाद्या पदवीधर तरुणाने सरकारी योजना, स्पर्धापरीक्षा किंवा रानभाज्या यांवर मोबाइलवर लेख लिहावेत आणि त्या लेखांच्या शेजारी झळकणाऱ्या जाहिरातींतून चार पैसे मिळवावेत, ही नव्या युगाची करामत म्हणून सांगितली जाते. परंतु लिहिता येणाऱ्या माणसाने मुख्य उदरनिर्वाह सांभाळून लेखणीवर थोडी वरकमाई करावी ही रीत या मुलखात इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा माग काढू लागले म्हणजे असे दिसते की साधने कितीही पालटली तरी मोबदला मोजण्याचे माप लिहिणाऱ्याच्या हाती कधीच नव्हते.

हा सारा टापू पूर्वी चांदा जिल्ह्यात मोडे, आणि त्या जिल्ह्यातील सर्वांत विस्तीर्ण जमीनदारी अहेरीची होती. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यानंतर इंग्रजी अंमलाचे दफ्तर बसले, मेजर ल्यूसी स्मिथ याने १८६९ मध्ये जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा अहवाल सिद्ध केला, आणि ज्या लोकांचा सारा व्यवहार गोंडी, माडिया किंवा तेलुगू बोलीत तोंडी चाले त्यांना प्रथमच कागदाशी गाठ घालणे भाग पडले. जंगलातून लाकूड आणायचे तर परवाना, गुरे चारायची तर पावती, तक्रार करायची तर अर्ज! अशा काळात कचेरीच्या ओट्यावर बसणारा अर्जनवीस हा केवळ लेखक नसे, तो दुभाष्याही असे. पक्षकाराचे गाऱ्हाणे त्याच्या बोलीत ऐकून ते मराठी कागदावर ‘अर्जदार विनंतीपूर्वक सादर करतो की’ अशा साच्यात उतरविणे हे त्याचे कसब, आणि मोबदला अर्जागणिक. गाऱ्हाणे खरे की खोटे, लहान की मोठे, यावर त्याचा दर अवलंबून नसे.

या अर्जनविसाचा खास अरण्यातला भाऊबंद म्हणजे तेंदूपत्त्याच्या हंगामातला फळीमुन्शी, आणि त्याची दखल वाङ्मयाच्या इतिहासकारांनी घेतली नाही तरी मला ती घ्यावीशी वाटते. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिन्यात, मृगाचा पाऊस येण्यापूर्वी, घरोघरची माणसे पहाटे रानात जाऊन तेंदूची पाने खुडतात, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि ते फळीवर, म्हणजे संकलनकेंद्रावर, आणून उन्हात मांडतात. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी, आणि मजुरी शेकड्यावर. हे सर्व मोजून वहीत उतरविण्यासाठी गावातलाच कोणी लिहिता-वाचता मुलगा कंत्राटदाराला लागे. त्याच्या एका आकड्यावर शेजाऱ्याची, मामाची, प्रसंगी स्वतःच्या आईची मजुरी ठरे, म्हणून त्याच्यावर गावाचा विश्वास आणि संशय दोन्ही सारख्याच प्रमाणात असत. १९६९ च्या कायद्याने या व्यापारावर महाराष्ट्र शासनाचे नियंत्रण आले. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आणि ‘पेसा’ या अनुसूचित क्षेत्रांतील पंचायत-कायद्याची तरतूद यांच्या आधारे गडचिरोलीतील अनेक ग्रामसभांनी लिलाव स्वतःच्या हाती घेतले, तेव्हा पूर्वी कंत्राटदाराच्या दिवाणजीला हिशेब देणारी लेखणी गावाच्या सभेला हिशेब देऊ लागली. लेखणीच्या जोडकमाईत माप गावाकडे आल्याचे हे मला ठाऊक असलेले जवळजवळ एकमेव उदाहरण आहे.

लेखनावर स्वतंत्रपणे जगावे अशी सोय मोठ्या शहरांतूनही नव्हती, हे येथे सांगून टाकले पाहिजे. पेशव्यांच्या श्रावणमासी दक्षिणेतून इंग्रजी अमदानीत दक्षिणा प्राइझ कमिटी निर्माण झाली आणि मराठी ग्रंथांना रोख पारितोषिके मिळू लागली खरी. पण जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये त्याच कमिटीने नाकारले, यावरून तेथील माप कोणाच्या हाती होते ते कळते. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली व लेखकांना आमंत्रणे येऊ लागली, तरी हरिभाऊ आपटे आनंदाश्रमाची व्यवस्था पाहत; त्यापूर्वी केशवसुतही शाळेतच शिकवीत. मानधन हा शब्दच मुळी असा सभ्य आहे की त्यात मान पुढे आणि धन मागे चालते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झाला, त्याच्या अलीकडे-पलीकडे या भागात लेखणीच्या जोडकमाईचा जो खरा प्रकार रुजला तो खेड्यातल्या वार्ताहराचा. नागपुरात ग. त्र्यं. माडखोलकरांचा ‘तरुण भारत’ १९४४ पासून चालू होता, ‘लोकमत’ १९७१ मध्ये तेथून दैनिक म्हणून निघू लागले. आणि या पत्रांना अरण्यातल्या बातम्या हव्या असल्या तरी अरण्यात पगारी माणूस ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते. तेव्हा किराणा दुकानदार, वृत्तपत्रविक्रेता, नवशिका वकील किंवा शाळामास्तर यांच्यापैकी कोणीतरी वार्ताहर होई. मास्तर सरकारी शाळेतला असल्यास सेवाशर्ती आड येत, म्हणून बातमी कित्येकदा भावाच्या नावे जाई. निकडीची बातमी तारेने आणि एरवीची सर्व मजकुराची पाकिटे एसटीच्या वाहकाच्या हाती, असा तो रिवाज. पुरात नाला चढला म्हणजे पाकीट अलीकडच्या तीरावरच राही, बातमी शिळी होई, आणि पुराचीच बातमी पूर ओसरल्यावर छापून येई. अंकदेखील डाक आवृत्तीचा, म्हणजे शहरात लोक झोपण्यापूर्वी छापलेला, आणि तो इकडे दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर पोहोचे.

महिनाअखेरीस हा वार्ताहर छापून आलेल्या मजकुराची कात्रणे कागदावर चिकटवून, ओळी किंवा कॉलमचे सेंटिमीटर मोजून, हिशेब कार्यालयाकडे पाठवी. उपसंपादकाने कात्री चालविली म्हणजे बातमीबरोबर मिळकतही आखूड होई. त्यामुळे खरी प्राप्ती बातमीत नसे. ती अंकांच्या विक्रीवरील कमिशनात आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींच्या टक्केवारीत असे, आणि ज्याच्या कारभारावर लिहायचे त्याच्याकडेच जाहिरात मागायची हा पेच मोफसलच्या पत्रकारितेला आजतागायत सुटलेला नाही. त्यातच १९८० नंतर नक्षलवादी चळवळ आली आणि रात्री मिळालेले पत्रक छापावे तर एक बाजू रागावे, न छापावे तर दुसरी. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा या माणसाच्या मदतीस येण्याजोगा नव्हता, कारण ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आहे त्याच्यासाठी तो केलेला होता, आणि इथे तर मुख्य व्यवसाय किराण्याचा!

या ठिकाणी एक गोष्ट विषय किंचित सोडून सांगावीशी वाटते. बल्लारपूरचा कागद कारखाना १९४५ मध्ये स्थापन झाला, आष्टीलाही पुढे कागद होऊ लागला, आणि त्यांना लागणारा बांबू याच जिल्ह्यांच्या जंगलांतून गेला. देशभरच्या लेखकांना कागद पुरविणाऱ्या मुलखात स्वतःची छापील मजकुराची मागणी मात्र फार थोडी होती. बांबूतोड्याच्या मजुरीचा हिशेब लिहिणारा कारकून हाच पुष्कळदा त्या वनवस्तीतला एकमेव नियमित लेखक असे.

आता कागद गेला आणि पडदा आला. गूगलने लेखांशेजारी जाहिराती लावून त्यांतला वाटा लेखकास देण्याची अ‍ॅडसेन्स नावाची व्यवस्था २००३ मध्ये सुरू केली, परंतु भारतीय भाषांना तिचे दार फार उशिरा उघडले: हिंदीला २०१४ मध्ये, बंगालीला २०१७ मध्ये, आणि मराठीला त्यांच्याही मागून. मुलचेरा तालुक्यापुरते बोलायचे तर हा क्रम गमतीचा आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या विवेकानंदपूर, सुंदरनगर यांसारख्या वसाहतींतील घरांत बोलली जाणारी भाषा या बाजारात राज्याच्या राजभाषेआधी पोहोचली, आणि गोंडी-माडिया अजून दाराबाहेरच आहे. इंग्रजी लेखाशेजारच्या जाहिरातीला दर अधिक, म्हणून ज्याला जमते तो तिकडे वळतो. मराठीत राहणारा लाडकी बहीण, पीकविमा, पोलीस भरती हे विषय घेतो, कारण वाचक तेच शोधत येतात. ‘प्रतिलिपि’सारख्या २०१४ मध्ये निघालेल्या मंचावर कथा लिहिणाऱ्यांना वर्गणीदारांकडून काही मिळते, पण तिथेही रोज एक भाग टाकण्याचा तगादा लेखकाच्या मागे असतो. पूर्वी ओळी मोजत, आता वाचकाला जाहिराती किती वेळा दिसल्या ते मोजतात. आणि हे मोजणारा उपसंपादकासारखा दूरध्वनीवर भेटत नाही.

तरीही या व्यवस्थेचा एक नियम असा आहे की तो वाचून जुन्या वार्ताहरास आपल्या काळाची आठवण व्हावी. लेखकाच्या खात्यात दहा डॉलर जमले की त्याचा पत्ता खरा आहे याची खात्री पटविण्यासाठी एक सांकेतिक क्रमांक साध्या टपालाने, छापील पत्रातून, त्याच्या घरी धाडला जातो. तो क्रमांक भरल्याखेरीज पैसे सुटत नाहीत, आणि सुटतात तेही शंभर डॉलर पुरे झाल्यावरच. पत्र पोहोचण्यास आठवडे लागतात, पावसाळ्यात त्याहून अधिक, आणि ते न आल्यास पुन्हा मागविता येते. म्हणून अशी कमाई करू पाहणारे पहिल्या लेखाबरोबरच गावच्या डाकसेवकाशी ओळख करून घेतात व पत्त्यात घरमालकाचे नाव, पोस्ट आणि तालुका हे तिन्ही स्वच्छ अक्षरांत लिहितात.