रादवान्स्का, आग्न्येश्का

रादवान्स्का, आग्न्येश्का : (६ मार्च १९८९). पोलंडची निवृत्त व्यावसायिक टेनिसपटू. जन्म क्राकूफ येथे. महिला एकेरीत तिने २० विजेतेपदे मिळवली आणि जुलै २०१२ मध्ये जागतिक क्रमवारीत दुसरे स्थान गाठले. ग्रँड स्लॅम एकेरीचे विजेतेपद मात्र तिच्या वाट्याला कधीच आले नाही. तिच्याविषयी लिहिताना बहुतेक जण या शेवटच्या वाक्याशी थांबतात आणि कारकिर्दीला ‘अपुरी’ म्हणून मोकळे होतात. हा निवाडा घाईचा आहे. २०११ ते २०१६ अशी सलग सहा वर्षे ती वर्षअखेरीच्या पहिल्या दहांत राहिली, आणि तीही अंगात दणकट सर्व्हिस नसताना. हा टिकाव आणि मोठ्या स्पर्धांच्या शेवटच्या टप्प्यातले पराभव या दोहोंचे मूळ तिच्या खेळण्याच्या पद्धतीतच आहे. एक बाजूला ठेवून दुसऱ्याचा हिशेब मांडता येत नाही.

वडील रॉबर्ट हेच तिचे पहिले प्रशिक्षक. जर्मनीत ते एका क्लबमध्ये काम करत असताना तिने रॅकेट हाती घेतली; धाकटी बहीण उर्शुला हीदेखील पुढे व्यावसायिक खेळाडू झाली. कुमार गटात आग्न्येश्काने २००५ मध्ये विंबल्डन आणि २००६ मध्ये फ्रेंच स्पर्धा जिंकली. ऑगस्ट २००७ मध्ये स्टॉकहोम येथे तिने महिला व्यावसायिक दौऱ्यावरील एकेरीचे विजेतेपद पटकावले. पोलंडच्या खेळाडूने असे विजेतेपद मिळवण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर काही आठवड्यांतच अमेरिकन स्पर्धेत तिने गतविजेत्या मारिया शारापोव्हाला हरवले. २०११ मध्ये वडिलांच्या जागी तोमाश विक्तोरोव्स्की प्रशिक्षक झाले, आणि त्याच वर्षी टोकियो व बीजिंग येथील मोठी विजेतेपदे तिने लागोपाठ जिंकली.

तिच्या खेळाचा गाभा म्हणजे समोरच्याचा वेग वापरून घेणे. चेंडू जोरात आला की त्याला फक्त दिशा द्यायची, संथ आला की स्लाइस, लॉब किंवा ड्रॉप शॉटने समोरचीला जागेवरून हलवायचे. बेसलाइनवर जवळजवळ मांडी घालून, गुडघा जमिनीला टेकेपर्यंत वाकून मारलेला तिचा हाफ व्हॉली प्रेक्षकांना फार आवडे. वर्षातील सर्वोत्तम फटक्याचा मान तिला २०१३ पासून सलग पाच वेळा मिळाला, तो असल्याच करामतींसाठी. ही निव्वळ करमणूक होती, असा आक्षेप घेतला जातो. तो पटत नाही. खोल पडलेल्या चेंडूसाठी मागे सरकणारी खेळाडू प्रतिस्पर्ध्याला वेळ देते आणि कोर्टही मोकळे सोडते. खाली बसून तो चेंडू उडता उडताच परतवणारी आपली जागा सोडत नाही, उलट समोरचीचा वेळ काढून घेते. म्हणजे तो फटका दिखाव्याचा नव्हता, ताकद कमी असल्याने शोधलेला उपाय होता.

हा उपाय कुठे चालत नसे, हेही आकडेच सांगतात. २० पैकी फक्त दोन विजेतेपदे मातीच्या कोर्टवरची आहेत : इस्तंबूल (२००८) आणि ब्रसेल्स (२०१२). मातीवर चेंडू मंदावतो, उसना घ्यायला वेग उरत नाही. फ्रेंच स्पर्धेत ती कधी उपांत्यपूर्व फेरीपुढे गेली नाही. गवतावर मात्र चेंडू खाली राहतो आणि सरपटत येतो. २०१२ च्या विंबल्डनला ती अंतिम फेरीत पोहोचली. १९३९ मध्ये याद्विगा येंजेयोव्स्का फ्रेंच स्पर्धेची अंतिम लढत खेळली होती. त्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीच्या अंतिम फेरीत जाणारी रादवान्स्का ही पहिलीच पोलिश खेळाडू. सेरेना विल्यम्सविरुद्ध पहिला सेट १–६ गेला, दुसऱ्यात २–४ अशी पिछाडी होती, तरी तो सेट तिने ७–५ असा खेचून आणला. तिसरा २–६ गमावला.

सगळ्यांत वजनदार आक्षेप याच्या पुढचा आहे. २०१३ मध्ये विंबल्डनला सेरेना, शारापोव्हा आणि आझारेंका लवकर बाहेर पडल्या, वाट मोकळी होती. तरी उपांत्य फेरीत तिसऱ्या सेटमध्ये ३–० ने पुढे असताना ती साबिने लिसिकीकडून ७–९ अशी हरली. २०१४ च्या ऑस्ट्रेलियन स्पर्धेत दोन वेळच्या विजेत्या आझारेंकाला ६–१, ५–७, ६–० असे हरवून दुसऱ्याच दिवशी दोमिनिका त्सिबुल्कोव्हासमोर ती १–६, २–६ अशी कोसळली. याला मनाचा कच्चेपणा म्हणणे सोपे आहे. पण या पराभवांच्या आधीचे सामने पाहावेत. लिसिकीच्या आधी ली ना हिच्याविरुद्ध ती दोन्ही मांड्यांना पट्ट्या बांधून तीन सेट खेळली होती. एका फटक्यात गुण संपवता येत नसेल, तर प्रत्येक गुण पायांनी मिळवावा लागतो, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याचे बिल येते. आंगेलिक केर्बरही परतीच्या फटक्यांवर जगणारीच, आणि तिने तीन ग्रँड स्लॅम जिंकल्या, हे खरे. २०१२ च्या विंबल्डन उपांत्य फेरीत रादवान्स्काने तिला ६–३, ६–४ असे हरवलेही होते. फरक असा की केर्बरच्या डावखुऱ्या फोरहँडमध्ये गुण संपवण्याचे बळ होते. रादवान्स्काची दुसरी सर्व्हिस तर बड्या खेळाडूंसाठी आमंत्रणच होती. ही उणीव झाकण्यात अर्थ नाही.

वर्षअखेरच्या स्पर्धेत पहिल्या आठ जणी एकमेकींशी भिडतात. तिथे सोपी वाट नसते. २०१५ मध्ये सिंगापूरला पहिले दोन गटसामने हरूनही तिने पेत्रा क्वितोव्हाला अंतिम सामन्यात ६–२, ४–६, ६–३ असे नमवून ते विजेतेपद घेतले. कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे यश. २०१६ मध्ये बीजिंगला विसावे आणि शेवटचे विजेतेपद आले. पुढे पावलांच्या जुनाट दुखण्यामुळे नोव्हेंबर २०१८ मध्ये, अवघ्या २९ व्या वर्षी, ती निवृत्त झाली. ज्या पायांवर हा खेळ उभा होता, ते आधी थकले. दोन वर्षांनी इगा स्वियातेकने फ्रेंच स्पर्धा जिंकून पोलंडला एकेरीचे पहिले ग्रँड स्लॅम मिळवून दिले. २०२१ च्या अखेरीस तिने प्रशिक्षक म्हणून विक्तोरोव्स्की यांनाच निवडले, आणि त्यांच्या हाताखाली तिचा खेळ आणखी आक्रमक झाला : पहिल्याच संधीला गुण संपवणारा.