सिगारची पेटी आणि केसाचा काटा

सिगार कोरडी पडली की तिचे पान तडकते. फार दमट झाली की बुरशी धरते. म्हणून साठवणीच्या पेटीत सापेक्ष आर्द्रता सुमारे ७० टक्के राखतात.

ती मोजायची कशी? जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी १७८३ साली केशआर्द्रतामापकाचे वर्णन प्रसिद्ध केले. सोड्यात उकळून तेलकटपणा घालवलेला माणसाचा केस दमट हवेत लांबतो, कोरड्या हवेत आखडतो आणि काटा हलतो.

पण काटा खरे सांगतो कशावरून? सोस्यूर यांनी पूर्ण कोरडी हवा ० आणि बाष्पसंपृक्त हवा १०० मानली. मधली खूण मीठ देते. मिठाचा ओला लगदा ठेवलेल्या बंद डब्यातील हवा २५ अंश सेल्सिअसला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. वर्गात केसाचा मापक बनवा आणि या डब्यात ठेवून पडताळून पाहा.