दंडाच्या मापाची कुळकथा

बसवकल्याण भागात सुजलेल्या पायाचं कुणाला नवल वाटत नाही. बिदर आणि गुलबर्गा हे हत्तीरोगाचे जिल्हे. डासातून अंगात शिरणारा जंत, रात्रीच घ्यायचं रक्त, घरोघरी वाटलेल्या गोळ्या, हे इथल्या लोकांना नीट ठाऊक आहे. त्यामुळे स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या बाईचा हात वर्षा-दोन वर्षांनी भरू लागला की शेजारपाजारचं निदान ठरलेलं असतं. रक्त तपासलं जातं, जंत सापडत नाही, सगळे निर्धास्त होतात आणि हात फुगतच राहतो.

शेजाऱ्यांना हसायचं कारण नाही. स्तनासोबत छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकागाठी काढण्याचं मोठं ऑपरेशन अमेरिकेत रूढ करणाऱ्या विल्यम हॉल्स्टेडनेही १९२१ साली या सुजेवर लेख लिहिला, तेव्हा तिला शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोगच म्हटलं होतं. त्याने मुख्य दोष जखमेतल्या जंतुसंसर्गाला दिला. आपल्या सुरीला दिला असता तर अधिक बरं झालं असतं. अंगातलं जास्तीचं पाणी लसिकावाहिन्यांतून परत रक्तात जातं, आणि हाताची ही वाट काखेतल्या गाठींतून जाते. जंत वाहिन्या आतून निकामी करतो, सर्जन गाठींसह त्या कापून काढतो. पाणी दोन्हीकडे सारखंच तुंबतं.

हात भरतोय हे सगळ्यांत आधी कळतं ते शिंप्याला आणि कासाराला. ब्लाउजची एकच बाही काचू लागते, तेवढीच उसवून मागितली जाते. बांगडीचं माप तर फारच बोलकं आहे. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ यांतला पहिला आकडा इंचांचा, दुसरा इंचाच्या सोळाव्या भागांचा, आणि हे माप व्यासाचं. दोन-चार घालणाऱ्या बाईला एका हाताला दोन-आठ लागू लागली, तर व्यास पाव इंचाने वाढला, म्हणजे घेर २ सेंटिमीटरने. दवाखान्यांतून टेप लावून निदान करताना वर्षानुवर्षं धरलेली सीमाही नेमकी हीच: दोन्ही हातांच्या घेरात २ सेंटिमीटरचा फरक. मात्र बांगडी पंजाच्या हाडांवरून चढते. दंड सुजला आणि पंजा नाही, तर ती काहीच सांगत नाही.

टेपची रीत साधी आहे. मनगटाच्या करंगळीकडच्या हाडापासून वर दर ४ सेंटिमीटरवर खूण करायची आणि दोन्ही हातांचे घेर घ्यायचे. दोन खुणांमधला तुकडा म्हणजे टोक कापलेला शंकू. त्याचं घनफळ शाळेतल्या सूत्राने निघतं. एका टोकाला घेर २० आणि दुसऱ्या टोकाला २२ सेंटिमीटर असेल तर त्या तुकड्यात सुमारे १४० मिलिलिटर. दोन्ही घेर २-२ सेंटिमीटरने वाढवले की आकडा १६८ च्या पुढे जातो. असे दहा तुकडे धरले तर पाव लिटरहून जास्त भरतं. म्हणजे सगळा हात २ सेंटिमीटरने वाढेपर्यंत थांबायचं, तर एवढं पाणी आत साचू द्यायचं.

टेपची खोड अशी की एक जण ती आवळून धरतो, दुसरा सैल. म्हणून काही ठिकाणी आर्किमिडीजला बोलावलं गेलं. काठोकाठ भरलेल्या भांड्यात हात बुडवायचा आणि सांडलेलं पाणी मोजायचं. २०० मिलिलिटरचा फरक म्हणजे सूज. माप चोख, पण जखम ओली असेल तर हात बुडवणार कसा? रॉबर्ट स्टेमरने १९७६ मध्ये मांडलेल्या खुणेला तर भांडंही लागत नाही. बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरायची. धरताच आली नाही तर लिम्फेडेमा, म्हणजे हीच लसिका तुंबून आलेली सूज. धरता आली म्हणजे आजार नाहीच, असं मात्र समजू नये.

पुढचा टप्पा ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचा. १८७६ साली याच शहरात जोसेफ बँक्रॉफ्टला हत्तीरोगाचा पूर्ण वाढलेला जंत प्रथम सापडला, आणि तोही एका हातावरच्या गळवात. शंभरावर वर्षांनी, १९९२ मध्ये, तिथल्याच ली वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी हाताची सूज विजेने ओळखण्याची रीत मांडली. कमी वारंवारितेचा अगदी सौम्य प्रवाह पेशींच्या आत शिरत नाही, बाहेरच्या पाण्यातून जातो. पाणी वाढलं की विरोध घटतो, आणि घेर वाढण्याआधीच यंत्राला सुगावा लागतो. शीला रिडनर यांच्या गटाने २०२२ मध्ये टेप आणि हे यंत्र यांची तुलना प्रसिद्ध केली. सुजेची पहिली चाहूल लागताच सूज दाबणारी घट्ट बाही दिलेल्या बायकांपैकी टेपच्या गटात १९.२ टक्क्यांची सूज कायमची झाली, यंत्राच्या गटात ७.९ टक्क्यांची.

या तुलनेत यंत्र सरस ठरलं. पण तालुक्याच्या गावी ते शोधत बसण्यापेक्षा या साऱ्या खटाटोपातून निघालेली एक फुकटची गोष्ट उचलावी: पहिलं माप ऑपरेशनच्या आधीचं. उजव्या हाताने काम करणाऱ्या बाईचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो. सुरुवातीचा आकडाच नसेल तर नंतरचा फरक सुजेचा की जन्माचा, हे टेपलाही सांगता येत नाही आणि यंत्रालाही. २००८ मध्ये निकोल स्टाउट यांच्या अभ्यासात ऑपरेशनआधीचं माप हाताशी होतं, म्हणून जेमतेम ३ टक्क्यांच्या वाढीवर उपचार सुरू करता आले आणि सूज उतरली.

सगळ्यांनाच ही सूज येत नाही. २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार काखेतल्या गाठी सरसकट काढल्या तर पाचांपैकी साधारण एकीला, आणि लसिकेच्या वाटेवरच्या पहिल्या एक-दोन गाठीच काढून तपासल्या तर शंभरात पाच-सहाजणींना.

तेव्हा सोलापूर, बार्शी, गुलबर्गा, हैदराबाद, कुठेही ऑपरेशन ठरलेलं असो, आदल्या दिवशी दोन्ही हातांचे घेर आणि वजन फायलीत लिहून मागा. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी तीच टेप, शक्यतो त्याच माणसाकडून, पुन्हा लावून घ्या. बाही किंवा बांगडी एकाच हाताला काचू लागली तर दुखण्याची वाट पाहू नका. हात लाल झाला, तापला किंवा एकाएकी सुजला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.