सेल्बॉर्नचा यू : वृक्षाचे वय ठरवायचे कसे?

१/७
२५ जानेवारी १९९०. ब्रिटनवर भीषण वादळ आदळले. हॅम्पशायर परगण्यातील सेल्बॉर्न गावात, चर्चच्या आवारातील महाकाय यू वृक्ष उन्मळून पडला. त्याचे वय सुमारे १,४०० वर्षे असल्याचे सांगितले जाई. हा आकडा आला कुठून?

२/७
वृक्षाचे वय खोडातील वलयांवरून कळते. यूच्या बाबतीत मात्र एक अडचण असते. वार्धक्यात त्याचा गाभा कुजतो, खोड पोकळ होते आणि सर्वांत जुनी वलयेच नष्ट होतात. मग हाती उरतो केवळ खोडाचा घेर.

३/७
येथे उपयोगी पडते ती गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३) यांची नोंद. याच गावात जन्मलेले व्हाइट धर्मोपदेशक होते आणि निसर्गाचे सूक्ष्म निरीक्षकही. सेल्बॉर्नविषयीच्या १७८९ च्या ग्रंथात त्यांनी या यूचा घेर २३ फूट नोंदवला.

४/७
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोच घेर सुमारे २६ फूट होता. म्हणजे साधारण २०० वर्षांत ३ फूट. हाच वेग कायम धरला, तर वय १,७०० वर्षांवर जाते. परंतु तरुण वृक्ष अधिक वेगाने वाढतो. म्हणून खरे वय त्याहून कमी असणार. १,४०० हा आकडा अशा अनुमानाच्या कक्षेतला आहे. तो पुरावा नव्हे.

५/७
चर्चच्या आवारात यू का? लांब धनुष्यांच्या लाकडासाठी, असे सर्रास सांगितले जाते. पण १४७२ च्या इंग्लिश कायद्याने परदेशी मालाच्या प्रत्येक टनामागे चार धनुष्यकाठ्या आणणे व्यापाऱ्यांवर बंधनकारक केले. गावोगावचे यू पुरेसे असते, तर ही सक्ती कशाला?

६/७
व्हाइट यांनीही या प्रश्नाचा विचार केला होता. सावली, धनुष्ये, मृत्यूचे प्रतीक अशी अनेक कारणे त्यांनी मांडली. एकाच कारणावर शिक्कामोर्तब केले नाही.

७/७
वृक्ष कोसळल्यावर मुळांच्या गुंत्यात जुन्या दफनांतील मानवी अस्थी आढळल्या. फांद्या छाटून खोड पुन्हा उभे केले गेले, पण ते जगले नाही. त्याच्याच फांदीपासून वाढवलेले रोप आज त्या आवारात आहे. भावी इतिहासकारांना त्याचे वय अचूक सांगता येईल, कारण या वेळी आरंभाची नोंद उपलब्ध आहे.