विहारातील अभ्यासवर्ग : मागे पडलेल्या मुलाला फायदा कधी होतो?

अनौपचारिक शिक्षण म्हणजे शाळेच्या नेहमीच्या वर्गाबाहेर चालणारे शिकवणे : अभ्यासिका, वाचनवर्ग, सुट्टीतील शिबिरे. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये व अभ्यासमंडळे होतीच.

अशा उपक्रमांनी प्राथमिक शाळेतील प्रगती सुधारते का?

बालसखी : ‘प्रथम’ संस्थेच्या या उपक्रमात मुंबई व बडोद्याच्या महापालिका शाळांत वस्तीतल्याच तरुणी मागे पडलेल्या १५ ते २० मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर बसवून वाचन व अंकगणित शिकवीत. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांचा त्यावरील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे गुण वाढले, सर्वाधिक फायदा कच्च्या मुलांना झाला. मात्र उपक्रम सुटल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला.

जौनपूर : उत्तर प्रदेशातील या जिल्ह्यात गावच्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग घेतले. आलेली मुले वाचनात पुढे गेली, पण १०० पैकी जेमतेम ८ मुलेच आली.

आपल्यासाठी :
१. गट इयत्तेनुसार नव्हे, वाचनाच्या पातळीनुसार करा.
२. वर्ग वर्षभर चालवा.
३. न येणाऱ्या मुलाच्या घरी जा.

१४ एप्रिलच्या वक्तृत्व स्पर्धेत बक्षीस बहुधा आधीच वाचता येणाऱ्या मुलाला मिळते. ज्याला वाचता येत नाही, तो नावच देत नाही. विहाराचा वर्ग आधी त्याच्यासाठी हवा.