लो मोर्ना, कॉलीन

दक्षिण आफ्रिकी पत्रकार, लिंगभाव-समानतेच्या अभ्यासक आणि जोहान्सबर्ग येथील ‘जेंडर लिंक्स’ या संस्थेच्या संस्थापक. जन्म आजच्या झिंबाब्वेत. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठातून आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात पदवी घेतल्यावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण घेतले.

त्यांची सुरुवातीची पत्रकारिता अर्थकारण आणि विकास या विषयांवरची होती. हरारे येथे इंटर प्रेस सर्व्हिस या वृत्तसंस्थेच्या आफ्रिका कार्यालयाच्या त्या समन्वयक होत्या; ‘साउथ’ या मासिकासाठीही त्यांनी वार्तांकन केले. नवी दिल्लीहून चालणाऱ्या विमेन्स फीचर सर्व्हिसच्या आफ्रिका विभागाचे संपादनही त्यांच्याकडे होते. 1991 मध्ये त्या राष्ट्रकुल सचिवालयात आफ्रिकाविषयक संशोधक म्हणून रुजू झाल्या. पुढे दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट मावळत असताना तेथील राष्ट्रकुल निरीक्षक पथकाच्या मुख्य कार्यक्रम अधिकारी आणि नंतर त्या देशाच्या लिंगभाव समानता आयोगाच्या पहिल्या मुख्य कार्यकारी अधिकारी अशी पदे त्यांनी सांभाळली.

2001 मध्ये त्यांनी ‘जेंडर लिंक्स’ स्थापन केली. माध्यमांत स्त्रियांना स्थान नाही, ही तक्रार तेव्हाही जुनीच होती. पण नुसत्या तक्रारीने संपादक बधत नाहीत. या संस्थेने मीडिया इन्स्टिट्यूट ऑफ सदर्न आफ्रिकाच्या साथीने सप्टेंबर 2002 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातील बारा देशांतील वृत्तपत्रे, रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरील पंचवीस हजारांहून अधिक बातम्या तपासल्या आणि त्यांत कोणाचे म्हणणे घेतले आहे, याची चक्क शिरगणती केली. ज्यांच्या तोंडची माहिती किंवा मत बातमीत आले, त्यांत स्त्रिया अवघ्या 17 टक्के निघाल्या. पुरुषांपेक्षा त्यांचा आवाज जास्त ऐकू आला तो सौंदर्यस्पर्धक, देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया आणि गृहिणी या गटांत. या प्रदेशातल्या संसदांत स्त्रिया बसत होत्या, तरी राजकारणी म्हणून त्यांना विचारायला फारसे कोणी जात नव्हते. या पाहणीचा 2003 मध्ये प्रसिद्ध झालेला अहवाल लो मोर्ना यांच्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग मानावा लागेल.

अर्थात, डोकी मोजून कोण बोलले ते कळते, काय सोसले ते कळत नाही. ही उणीव ‘आय स्टोरीज’ या उपक्रमाने काही अंशी भरून काढली. हिंसाचारातून वाचलेल्या स्त्रियांनी स्वतःच्या शब्दांत सांगितलेले अनुभव ‘जेंडर लिंक्स’च्या लेखसेवेमार्फत वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवले जात.

ऑगस्ट 2008 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागातील राष्ट्रांच्या ‘साडेक’ या संघटनेने लिंगभाव आणि विकास यांविषयीचा करार संमत केला. त्यासाठी झटणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या आघाडीचे समन्वयन ‘जेंडर लिंक्स’कडे होते. माध्यमांच्या मालकीत आणि निर्णयपदांवर 2015 पर्यंत समान वाटा, तसेच बातम्यांत स्त्री-पुरुषांना सारखा आवाज, यासंबंधीची कलमेही त्यात आली. सरकारे सह्या करून विसरतात, हे पक्के ठाऊक असल्याने 2009 पासून दरवर्षी देशवार प्रगतिपुस्तक काढण्याचा परिपाठ ठेवण्यात आला. बोत्स्वाना आणि मॉरिशस यांनी तर 2008 च्या या करारावर सहीच केली नव्हती.

बातम्यांची मोजणी पुढेही चालू राहिली. स्त्रियांचे प्रमाण 2010 मध्ये 19 टक्के, तर कराराच्या मुदतीच्या वर्षी, 2015 मध्ये, 20 टक्के भरले.